शिवकन्या छाप

सेनगाव, जि. हिंगोली
दि. २४ नोव्हेंबर २०२५

शिवकन्याताई यांस,
विजयावहिनीचा सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाने तुम्हाला सरकारी कागदावर मृत दाखवले, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. नाहीतर मी लिहिले नसते आणि तुम्हीही लिहिले नसतेच. तुमच्या घरी सर्व खुशाल असतील असे धरते. गुडघे सोडले तर माझेही बरे आहे. तुमचे दादा गेले तेव्हा कळवले होते. तुमचा निरोप आला, तुम्ही आला नाहीत. त्यावर आज काही लिहीत नाही.

प्रकार असा झाला. वैजनाथने मागच्या वर्षी तेलगिरणीच्या जुन्या जागेत लाकडी घाणा बसवला. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना घाण्याचे तेल पुन्हा हवेसे झाले आहे. बाटलीवर त्याने नाव घातले ‘शिवकन्या’, आणि चित्रही आपले जुनेच, दोन वेण्यांची मुलगी, हातात करडीचे फूल. हे नाव दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. तिकडून विचारणा आली, की हे नाव आणि चित्र जिवंत व्यक्तीचे असेल तर तिची लेखी संमती जोडा. तुम्हाला विचारायचे सोडून याने प्रतिज्ञापत्र तयार करून घेतले, की माझी आत्या २००३ साली वारली.

मला ते चष्मा शोधताना त्याच्या टेबलावर सापडले.

“हे काय आहे?”

“काही न्हाई आई, नुसता कागद हाय. माणूस जाऊन वीस वर्षं झाली की कोणाची संमती लागत न्हाई.”

“म्हणून तू आत्याला मारून टाकलंस?”

“कागदावर गं. तिथं कोण बघून राहिलं?”

“मी बघून राहिले. सुतक तरी पाळलंस का कागदावर?”

“मग तूच लाव की आत्याला फोन. तू काहून लावत न्हाईस?”

मी कागद फाडला आणि चहा टाकायला आत गेले.

त्या दिवसापासून गिरणी डोक्यातून जात नाही. मी बी.कॉम. होऊन या घरात आले तेव्हा अप्पांना सुनेपेक्षा हिशेबनीस मिळाल्याचा आनंद जास्त झाला होता. लग्नाची हळद निघाली नव्हती, तर विचारतात, “पोरी, ताळेबंद येतो का?” मी म्हणाले, येतो. “मग चहा राहू दे, इकडं ये.” तुम्ही दारामागे उभ्या राहून हसत होता. मला तेव्हा तुमचा राग आला होता. आठवड्याभरात तुम्ही मला वजनकाट्याजवळ बसायला जागा करून दिलीत, मग राग राहिला नाही.

गिरणी सुरू झाली त्याच साली तुमचा जन्म, म्हणून ती ‘शिवकन्या छाप’. हे अप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, त्याने विचारलेले नसले तरी. चित्र काढणारा हिंगोलीचा पेंटर आला तेव्हा तुम्ही पाच वर्षांच्या होता आणि फुलाचा काटा टोचला म्हणून रडत होता. त्याने रडका चेहरा हसरा करून काढला, ही गोष्ट तुम्हीच सांगितलेली.

फाल्गुनात नवी करडी यायची. पोती उतरली की कपड्यांत, केसांत, पाण्याच्या माठातसुद्धा तो वास. पहिल्या दिवशीचे तेल अजून कोमट असताना घाण्यावरचा भागवत वाटीत घेऊन यायचा. ज्वारीची भाकरी, त्यावर तिखट, मीठ आणि तेलाची धार. ते आधी तुम्ही खायचे. तुम्ही ‘हं’ म्हटल्याशिवाय अप्पा डब्यांना लेबल लावू देत नसत. तुमचे लग्न होऊन तुम्ही देगलूरला गेलात, तरी दर साली एसटीने बाटली जायची आणि तुमचे कार्ड येईपर्यंत डबे उघडे-बोडके उभे असत. व्यापारी हसायचे. भागवत त्यांना म्हणायचा, “आमच्या मालकीणबाई देगलूरला ऱ्हातात, जरा दम धरा.”

एका साली कार्डावर तुम्ही फक्त ‘जळकट’ असा एकच शब्द लिहिला होता. अप्पांनी त्या घाण्याचे सगळे तेल पेंडीच्या भावात काढले. मी हिशेब पुढे धरला, तर म्हणाले, “पोरीचं नाव हाय त्याच्यावर.”

मग अप्पा गेले, आणि दोन-तीन वर्षांत परदेशातून पामतेल यायला मोकळीक झाली. पेपरात त्याचे फार कौतुक छापून यायचे. दुकानात ते आपल्या तेलाच्या निम्म्या भावात मिळू लागले. करडी पेरणारे सोयाबीनकडे वळले. काढताना काटे टोचतात, भाव मिळत नाही, कोण पेरील? गिरणीवर दहा-बारा माणसे होती. तेव्हा तुमच्या दादांनी टँकरने पामतेल आणून आपल्या डब्यांत भरायला घेतले. मागच्या बाजूला पामतेल असे छापलेले होते. फसवणूक नव्हती. पुढे मात्र चित्र तुमचे होते.

पंचमीला तुम्ही माहेरी आलात. पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. डब्यात बोट बुडवून चाटलेत आणि मला विचारलेत, “वहिनी, हे कशाचं हाय?” मी सांगितले. “मग माझं तोंड काहून हाय त्याच्यावर?”

दादा म्हणाले, “नाव अप्पांनी ठेवलंय. ते धंद्याचं हाय, तुझ्या एकटीचं न्हाई.”

“कोणी हाक मारली की मी ओ देते, दादा. तुझा डबा देतो का?”

ते म्हणाले, तू दिल्या घरची, इकडच्या धंद्यात पडू नकोस. तुम्ही पाणीही न पिता परतीची गाडी धरलीत. तुम्ही बरोबर होता असे मी आजही लिहिणार नाही. ज्यांची चूल त्या गिरणीवर पेटत होती त्यांना मी रोज समोर बघत होते, तुम्ही देगलूरला होता. पण त्यांचे ते दिल्या घरचे बोलणे मला पटले नव्हते, हेही खरे.

आता मी जे लिहायचे इतका वेळ टाळते आहे ते लिहिते.

त्याच दिवाळीच्या आधी तुमच्या दादांनी भागवतला ओली फडकी आणायला लावली आणि गोदामातल्या सगळ्या डब्यांची लेबले सोलून काढली. स्वतः बसून काढली. पुढे एकही डबा तुमच्या नावाने गेला नाही. औंढ्याचे, कळमनुरीचे दुकानदार म्हणाले, “शिवशंकरशेठ, हे तेल तर कोणीबी विकून राहिलं, शिवकन्या असली तर ठेवतो.” दादा म्हणाले, “शिवकन्या न्हाई.” दीड वर्षात गिरणी बंद पडली. तुम्ही समजत होता की तुमचे नाव विकून आम्ही खातो आहोत. आम्ही ते न विकल्यामुळे घरी बसलो होतो.

मी कळवते म्हणाले होते. ते म्हणाले, “सांगायचं न्हाई. तिला वाटंल मी हारलो.” मी शब्द दिला आणि पाळला. ते असेपर्यंत पाळला, ते गेल्यावरही पाळत राहिले असते. पण वैजनाथच्या त्या कागदात आणखी एक ओळ होती, की १९६३ पासून आजपर्यंत हे नाव आम्ही अखंड वापरत आलो आहोत. म्हणजे तुम्ही मेलात, आणि तुमच्या दादांनी तुमच्यासाठी जे केले ते कधी झालेच नाही. दोन्ही एका सहीने. हे मला सहन झाले नाही.

वैजनाथ तेव्हा नांदेडला शिकायला होता, त्याला काही माहीत नव्हते. मी सगळे सांगितले. मग म्हणाला, “बाबांनी काढलं? आपल्या हातानं?” त्याने या नावावर छापलेल्या बाटल्यांनी खोली भरून ठेवली आहे, पुण्याच्या ऑर्डरी घेतल्या आहेत. तरी चार दिवसांनी त्याने अर्ज मागे घेतला. मागे घे असे मी म्हणाले नव्हते. सध्या नुसते ‘करडी तेल, सेनगाव’ लिहून विकतो, आणि विक्री पडली आहे. संमती मागायची असेल तर त्याने स्वतःच्या तोंडाने मागावी. तुम्हाला नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणा. मी शिफारस करणार नाही. हे नाव कोणाचे, हा प्रश्न माझ्यापुरता मिटला आहे.

दुपारी आपण दोघी गिरणीच्या ओट्यावर बसायचो, ती माझी सवय गेलेली नाही. बसताना अजूनही डावीकडे सरकून बसते. उजवीकडे कोणी नसते.

सोबत वैजनाथच्या हस्ते सोपवले, ते असे:

१. लेबल छापायचा जस्ताचा ठसा, लाकडी ठोकळ्यासह. एक कोपरा झिजलेला.

२. अर्ज मागे घेतल्याच्या कागदाची प्रत.

३. डब्यांवरून सोललेली लेबले. तुमच्या दादांनी ती वाळवून, एकेक सरळ करून, वर्तमानपत्रात घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. ते गेल्यावर मला मिळाली. मी मोजली नाहीत, जशी होती तशी दिली आहेत.

४. वैजनाथ, तुमचा भाचा. जिवंत आत्या डोळ्यांनी बघून येण्यासाठी पाठवला आहे. बोलायचे ते बोलून परत पाठवावा.

मिळाल्याची पोच त्याच्या हाती देऊ नये. ती मी तुमच्याकडून समक्ष घेईन. घरीच असते.

विजया