दिलेल्या घरचं पाणी

॥ श्री ॥

नागपूर,
१२ नोव्हेंबर २०२५

सौ. प्रेमिलाबाईंस,
सा. न. वि. वि.

फोनवर काही सुचत नाही, कागदावर मात्र नीट सांगता येतं, असं तुम्हीच संस्थेतल्या बाईंना सांगितलं होतं, म्हणून हे पत्र. मला फोनवर छान सुचतं आणि रागात तर फारच छान सुचतं. तेव्हा कागद बरा, हे तुमच्याच फायद्याचं आहे.

आपल्याला दत्तक घेतलं आहे हे वेदिकाला कळत्या वयापासून ठाऊक आहे. आम्ही ते कधी लपवलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली की मला जन्म देणारीला शोधायचं आहे. मी लगेच हो म्हणाले, मग दोन दिवस जेवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी मीच तिच्याबरोबर संस्थेत गेले. संस्थेने शोध काढला, तुम्हाला खासगीत विचारलं, तुम्ही होकार दिलात. त्या दिवशी घरात सण असल्यासारखं वाटलं होतं.

रविवारी तुम्ही तुमच्या भावाला, रुपरावांना, घेऊन आलात. मी पहाटे उठून पाटवडीचा रस्सा केला होता, गोळाभात केला होता, सांबारवडी तळली होती. वेदिका स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली. तुम्ही नको म्हणालात. चहा नको, जेवण नको, सुपारीसुद्धा नको. पोरीचा चेहरा बघत बसलात आणि उठलात. माझे यजमान मुकुंदराव तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडून दूध आणायला गेले, तर परत येताना तुम्ही दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री पोहे खात होतात! चांगलं वरून शेव घालून!

आमच्या पाण्यात असं काय वाईट होतं? वेदिका रडली नाही, ती रडणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामठीला गुरांच्या दवाखान्यात गेली. संध्याकाळी मला म्हणाली की आई, त्या फक्त हिशेब संपवायला आल्या होत्या. फेब्रुवारीत तिचं लग्न आहे. पाहुण्यांच्या नावांत तुमचं नाव तिने सगळ्यांत आधी घातलं होतं, ते खोडलं. मुलीने तोंड मिटून सोसलेलं मला बघवत नाही, म्हणून विचारते आहे.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो आहे की नाही, हे मात्र या वेळी तुम्हीच कळवायचं.

सुमती

---

॥ श्री ॥

पिंपळबोडी, ता. मौदा,
२० नोव्हेंबर २०२५

ती. सुमतीताईंस,
प्रेमिलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. रुपरावला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, घे वं बाई, आता पोहे खाल्ले तेही चुकलंच म्हणायचं. ताई, आम्हाला भूक लागली होती. तुमच्या रश्श्याचा वास पार फाटकापर्यंत येत होता, त्याने तर आणखी लागली.

लेक दिलेल्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत तर नाहीच, ही आमच्याकडची रीत. आता गावात कोणी एवढं पाळत नाही. पण मी पाळते. मला वाटलं, तुमचं भोसल्यांच्या राज्यापासूनचं जुनं घराणं, तुम्हाला हे तोंडाने काय सांगायचं? उलट सांगितलं तर कमीपणा वाटेल. चूक माझीच झाली. पण ही चूक मी मोठ्या मानाने केली हो.

तेव्हाचं सांगते. मी एकोणीस वर्षांची होते. वेदिकाचे वडील भंडारा रोडवर ट्रकखाली गेले तेव्हा ती पोटात होती. सासरचे म्हणाले की इथे आता तुझं काही नाही. माहेरी बाप अंथरुणाला खिळलेला, रुपराव माझ्याहून लहान. मला कोणी भाग पाडलं नाही. माझं मी ठरवलं. संस्थेतल्या बाईंनी पोरीला घ्यायला हात पुढे केले तेव्हा मी त्यांना थांबवलं. अंगणातल्या नळाचं पाणी ओंजळीत आणलं, त्यांच्या हातावर सोडलं आणि मग लेक दिली. मांडवात आई-बाप देतात तशी. टाकून जाणारी बाई पाणी सोडत नाही, ताई. मी तिला टाकली नाही, दिली.

कोणत्या घरी दिली ते मला माहीत नव्हतं. नागपुरात कुठेतरी, एवढंच माहीत होतं. म्हणून तेव्हापासून मी नागपुरात कोणाच्याच घरी पाणी प्यायले नाही. इतवारीत मिरची विकायला येते, बर्डीला येते, सगळं दुकानात पैसे देऊन खाते-पिते. माझी चुलतबहीण मानेवाड्याला राहते, ती अजून फुगून आहे. पण कोणतं घर माझ्या लेकीचं निघेल, मला काय माहीत? एका घरी चुकून प्यायले आणि ते तिचंच निघालं तर?

त्या दिवशी मी तिला बघत बसले हे खरं. तिचे हात बघत होते. संस्थेच्या बाईंनी सांगितलं होतं की गाईच्या पोटातलं आडवं वासरू तिने खांद्यापर्यंत हात घालून सरळ केलं. मला इतका अभिमान वाटला की नजर हलेना. तिला वाटलं मी गप्प बसले. मी गप्प नव्हते, मला भरून आलं होतं.

पुढे माझं दुसरं लग्न झालं. काजलच्या बाबांना मी हे त्याआधीच सांगितलं होतं, त्यामुळे घरात मान खाली घालावी लागली नाही. काजल माझी धाकटी. तिला आता सांगितलं, तर ती रोज ताईचा फोटो मागते. गावात मात्र कोणालाच ठाऊक नाही.

राग उतरला असेल तर त्यातला थोडा लेकीचाही उतरवा.

आपली,
प्रेमिला

---

॥ श्री ॥

नागपूर,
२९ नोव्हेंबर २०२५

सौ. प्रेमिला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाई आणि तुम्ही दोन्ही काढून टाकलं आहे. मी चौदा-पंधरा वर्षांनी मोठी आहे, तेवढा अधिकार घेते.

तुझं पत्र मी ओट्यापाशी उभ्याने वाचलं, मग खाली बसून वाचलं. मुकुंदरावांना वाचून दाखवायला गेले तर नळापर्यंत पोहोचले आणि पुढे वाचवेना. मग त्यांनी हातातून घेतलं, तर तेही तिथेच अडकले. शेवटी वेदिकाने आमच्या हातून ओढून स्वतःच वाचलं. वाचून गच्चीवर गेली. खाली आली तेव्हा डोळे सुजलेले होते. रडणाऱ्यांतली नाही असं मी तुला लिहिलं होतं ना? आईला सगळंच कळतं असं नाही.

पोहे माफ. ती टपरी चांगली आहे, आम्हीही तिथेच खातो.

पण प्रेमिला, एका गोष्टीने माझी झोप उडाली आहे. तू म्हणतेस, कन्यादान केलं. बरं. मग मी कोण झाले? मुलगी देतात ती सासरी. म्हणजे गोवर निघाला तेव्हा जिच्या उशाशी मी बसून राहिले, गणितात नापास झाली तेव्हा जिच्या बाईंशी मी शाळेत जाऊन भांडले, तिची मी सासू? बँकेत पस्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पण इतक्या नम्रपणे कोणी माझ्या वर्मावर बोट ठेवलं नव्हतं. मुकुंदराव हसतात. मला हसू येत नाही. तुला दुखवायचं नाही, पण मनात ठेवून गोड बोलणं मला जमत नाही.

वेदिकाचा हट्टीपणा तुझ्याकडून आला आहे हे आता सिद्ध झालं. नागपूरभर तहानलेलं फिरायचं म्हणजे काय! आवाज मात्र तिने माझा उचललाय. दवाखान्यात ओरडली की म्हशीसुद्धा गप्प उभ्या राहतात म्हणे.

उत्तर लवकर दे. तोवर लोभ उधार ठेवते आहे.

सुमती

---

॥ श्री ॥

पिंपळबोडी,
८ डिसेंबर २०२५

ती. सुमतीताईंस,
सा. न. वि. वि.

माझ्यामुळे तुमची झोप उडाली, याचं वाईट वाटलं. मी एवढा विचार केला नव्हता. शेतात मिरचीला पाणी देताना केला.

सासूला लेक दिली की आई तिला सणाला बोलावते, पहिल्या बाळंतपणाला आणते, दोन शब्द वाकडे कानावर आले तर जाऊन विचारते. मी यातलं काही केलं का? मी तर नावसुद्धा तुम्हाला ठेवू दिलं. मी लेक दिली ती आईला दिली, ताई. तुमच्या हातात ती आली तेव्हापासून आई तुम्ही. मला तिला जन्म दिल्याचा मान आहे आणि नीट दिल्याचा मान आहे. तेवढा माझ्याकडे राहू द्या, मला पुरतो.

म्हणून लग्नात कन्यादान तुमचं आणि मुकुंदरावांचं. एकदा दिलेली लेक मला पुन्हा देता येत नाही. तिने बोलावलं तर मी येईन, मागे उभी राहीन, अक्षता टाकीन. जेवायचा मात्र आग्रह करू नका. तुम्ही म्हणाल बाई हट्टी आहे. पण तो नेम मोडला तर मी दिली होती की टाकली होती, हे मला तरी कोण सांगणार? एवढी वर्षं तेवढाच तर पुरावा माझ्यापाशी आहे.

काजल म्हणते की ताईच्या लग्नात मी जेवीन, मले काही रीतभात लागू नाही. तिला वाढा.

तुमची माया अशीच भांडत राहो.

प्रेमिला

---

नागपूर,
१७ डिसेंबर २०२५

ती. माय,
तुझ्या वेदिकाचा सा. न.

काय म्हणून हाक मारायची, यात दोन दिवस गेले. आई एकच, ती इथे भाजी चिरत बसली आहे आणि मी काय लिहिते ते बघायला मान लांब करते आहे. तुमच्याकडे आईला माय म्हणतात, रुपरावमामा त्या दिवशी त्यांच्या आईबद्दल तसंच बोलत होते. तो शब्द माझ्याकडे रिकामा होता, तो तुला दिला. आणि मायला तुम्ही म्हणणं मला जमणार नाही.

आईने तुझी दोन्ही पत्रं मला दिली. तू मला टाकलंस असं मला फार वाटायचं, असं नाही. आई-बाबांनी तशी जागाच ठेवली नव्हती. पण शाळेत आईसारखी दिसतेस का असं कोणी विचारलं की आत कुठेतरी टोचायचं. तुझं नळाचं पाणी वाचल्यापासून ते थांबलं आहे. मी टाकलेली नाही, दिलेली आहे, हे मी दवाखान्यात गाईंनासुद्धा सांगितलं. आता मला कोणीही काहीही विचारू दे.

आता लग्नाचं. मी घरात जाहीर केलं आहे की कन्यादान होणार नाही. बाबा जरा हिरमुसले, ते गुरुजींकडून संकल्प पाठ करून घेत होते. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, ऋषीला, विचारलं तर तो म्हणाला की त्याला कोणी दिलेली नको, स्वतः चालत आलेली हवी. गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग म्हणाले की बाकीचे विधी नीट करू. आईने आधी बाबांकडे बघितलं. मग म्हणाली की बरोबर आहे, जिने करायचं तिने ते एकदा करून ठेवलं आहे.

माय, मला एकदा दिलं आहे. ते इतकं नीट दिलं गेलं की दुसऱ्यांदा कोणी द्यायची गरज उरली नाही. या वेळी मी कोणाच्या हातून कोणाच्या हातात जाणार नाही. देणारं कोणी नाही, घेणारं कोणी नाही, मग उपाशी कोणी राहायचं? मांडवात पहिल्या पंगतीला तुझं पान आहे. तुझ्या उजव्या हाताला आई बसेल. तुझा नेम मोडावा असं मी म्हणत नाही. तू तो पाळलास, पुरा केलास, त्याचं मला कौतुक आहे. मी साक्षीदार आहे. आता सोड.

नावांत तुझं नाव पुन्हा लिहिलं आहे, अगदी वर. काजलला सांग, साडी तिच्या पसंतीची.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
वेदिका

---

॥ श्री ॥

पिंपळबोडी,
२ फेब्रुवारी २०२६

ती. सुमतीताईंस,
सा. न. वि. वि.

चि. वेदिकाच्या पत्राला उत्तर द्यायला मला इतके दिवस लागले. रोज कागद घेऊन बसायची आणि रोज तसाच ठेवायची. मी पुरावा सांभाळत बसले होते आणि जिच्यासाठी सांभाळला तीच म्हणते की मला पटलं. मग तो आता कोणाला दाखवायचा? रुपराव म्हणाला की वं बाई, आतातरी पाणी पी. मी हसले आणि मग बरीच रडले. काजलचे बाबा म्हणाले, पंगतीत आपण दोघं जोडीने बसू. त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला आहे.

येत्या रविवारी सकाळी आम्ही चौघं पोहोचतो. पहिल्या पंगतीला बसेन. तुमच्या शेजारी बसेन. आग्रह जरा बेताने करा, मला मागून त्रास होतो.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. परवा आमच्या मिरचीचा तोडा होता, बांधावर गावच्या बाया जमल्या होत्या. मी म्हटलं की रविवारचा तोडा पुढे ढकलू, मी नाही. बायजाबाईने विचारलं, काहून वं, कुठे चालली? दरवेळी मी सांगते की नागपूरला काम आहे. या वेळीही तेच तोंडावर आलं होतं. पण मी टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिले आणि सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं सांगितलं की माझ्या थोरल्या लेकीचं लग्न आहे, ती गुरांची डॉक्टर आहे, आणि मी तिथे जेवायला चालली.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हाला दोन्ही.

तुमची,
प्रेमिला