हातानं हालणारा खांब

गुरुवार, दिवेलागण

अन वर तो रस्त्याच्या कामावरचा इंजिनियर मलाच म्हणतो, "मावशी, भिऊ नका, खांबाचा पाईप जाड हाय." जाड हाय ते मलाबी दिसून राह्यलं. जमिनीत किती हाय ते सांग ना. बदनापूरच्या रस्त्याला वळणावर माझ्या चहाच्या टपरीपुढं गाड्या अडवायला चार लोखंडी खांब रोवले. काँक्रीट भरायच्या आधी मी खड्ड्यात हात घालून पाह्यला. कोपरापर्यंतच गेला. आमचे हे बैलाचा खुंटाबी याच्यापेक्षा खोल ठोकायचे.

मागच्या साली ट्रक टपरीत घुसला तव्हा हे बाकड्यावर बसले होते. तिथंच गेले. तव्हापासून त्या बाकड्यावर कोणी टेकत न्हाई, गिऱ्हाईक उन्हात उभं राहून चहा पितं. मी एकटीच बसते.

आज खांब हातानं हलवला तर हालला. मंग ट्रक कसा अडवल? इंजिनियरला इचारलं, "कागदावर किती खोल लिहिलंय?" तर हसून म्हणतो, "तुम्हाला नकाशा वाचता येतो का?"

न्हाई येत. कोपर तर हाय ना मला. पण ही गोष्ट घरी येऊन सांगू कोणाला?

उद्या रस्त्याच्या हापिसात मोठ्या सायबाला अर्ज देते. त्यात एवढंच लिहिते: सायब, खांब बराबर असल तर रस्त्याकडं पाठ करून त्या बाकड्यावर माझ्यासंगं चहा घ्या. बसता का न्हाई, ते सोमवारपर्यंत कळवा.