बाकी एक

३ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. खिडकीजवळचं टेबल, न कुरकुरणारी खुर्ची, लेकीनं डब्यावर चिकटवलेलं फूल. आमच्या केंद्रात एका अवाढव्य मूळ संख्येवर काम चालतं. ती छापली तर जाडजूड पुस्तक होईल. एक आणि ती स्वतः, बाकी कशानंही तिला पूर्ण भाग जात नाही. हे सातवीतल्या पोरालाही कळतं, पण इथले उंटावरचे शहाणे त्यावर पगार घेतात. चहा थोरले सर स्वतः ओततात, माणसांपेक्षा एक कप जास्त. तो कोणी प्यायचा नाही. का, तर इथली पद्धत आहे. आणि हे म्हणे गणितज्ञ.

५ जून
दोननं भागा, तीननं, पाचनं, सातनं, बाकी एकच उरते, हे सांगताना सगळे आवाज खाली आणतात. अहो, या सगळ्यांचा गुणाकार करा आणि एक मिळवा, झाली अशी संख्या. मोठ्या भाजकांना बाकी बदलणारच. तपासलं का, असं विचारलं तर सगळे कपात बघू लागले. अकलेचे कांदे. मी तो जास्तीचा कप उचलून पिऊन टाकला. थोरले सर एवढंच म्हणाले की आता उरणाऱ्याचं तुम्हीच बघा. चहा मात्र गारढोण होता.

६ जून
मोठे भाजक घेतले. बाकी एक. प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. एक. शेवटी संख्येतून दोन वजा केले आणि जे आलं त्यानंच मूळ संख्येला भागलं. बाकी दोन यायला हवी, यात वादच नाही. एक आली. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी म्हणायच्या आत सांगतो, यांचं अंगणच वाकडं आहे.
घरी बायकोनं दोनच ताटं घेतली. तिघांचं घर, तेवढंही मोजता येऊ नये? बोललो तेव्हा हसली आणि तिसरं आणलं.

८ जून
सरांनी चहा ओतला. प्रत्येकाला एक, मधे एक जास्तीचा. मला माझा मिळालाच नाही. मधल्या कपाला हात लावला तर शेजारचा म्हणाला, तो कोणी प्यायचा नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला. मूर्ख माणूस.

९ जून
ताटं दोन. बोललो, तरी दोन. लेकीनं बिस्किटं वाटली — आईला एक, स्वतःला एक. मग म्हणाली, एक उरलं. मी समोरच बसलो होतो. भीती वाटतेय. मला, या असल्या खुळचट गोष्टीची —

१० जून
उपाय एकच. संख्येला त्याच संख्येनं भागायचं. बाकी शून्य, दुसरं काही येऊच शकत नाही. मग उरलेला कोणी नाही. सातवीतल्या पोरालाही —
एक.

११ जून
लेकीला हाक मारली. पुन्हा मारली. ती माझ्या खुर्चीत बसायला आली — माझ्या मांडीवर नाही, खुर्चीत — तर बायकोनं तिला मागे ओढलं. म्हणाली, तिथे कोणी बसायचं नाही. लेकीनं विचारलं, का. बायको जरा थांबली, आठवत असल्यासारखी, आणि म्हणाली, आपल्याकडची पद्ध —