दोरीने सुरू होणारा कॉम्प्रेसर आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, शिक्षण बी.एस्सी., धंदा वाळूच्या फवाऱ्याने काचेवर नक्षी उमटवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी प्रकृती चांगली आहे. डॉक्टरांनी काही सांगितलेले नाही आणि मी काही लपवत नाही. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही, उलट "आत्तापासून कशाला हे अभद्र?" असे म्हणून नवऱ्याने माझे कागद दोनदा कपाटात नेऊन ठेवले. बुद्धी शाबूत आहे असेही लिहावे लागते. ती शाबूत आहे. शाबूत बुद्धीचा माणूसही सहा वर्षे चुकीचे समजून राहू शकतो, ते कलम चारमध्ये येईल.

लिहिण्याचे कारण असे की आमची आई काहीही न लिहिता गेली. तिच्या दोन खोल्यांसाठी मी आणि माझा धाकटा भाऊ तीन महिने एकाच कचेरीच्या एकाच बाकावर बसत होतो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. माझ्यामागे कोणाला तसे बसावे लागू नये.

कलम एक. राहते घर माझ्या नवऱ्याला मिळावे. आम्हाला मूल नाही, त्यामुळे वादाचे कारण नाही. स्वयंपाकघरातील खिडकीची नक्षीदार काच मात्र त्याने बदलू नये. तिच्यावरचा पक्षी बदकासारखा दिसतो हे मला मान्य आहे. तो बगळा आहे.

कलम दोन. बँकेतील ठेव आणि माझे दोन दागिनेही नवऱ्यालाच मिळावेत. तो शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तकांखेरीज कशावर खर्च करणार नाही, हे माहीत असूनही देत आहे.

कलम तीन. समोरचे शिंपीकाका. माझ्या कामाला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आवाजाबद्दल त्यांनी माझ्याविरुद्ध अकरा वर्षांत चार अर्ज केले. "बाई, तुमचं यंत्र चालू झालं की माझ्या सुईचं नाक हरवतं," हे त्यांचे वाक्य मी प्रत्येक अर्जात वाचले आहे. मी सूड म्हणून दोन वर्षे त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकले नाहीत आणि बाहेर जे शिवले ते सगळे खांद्यात आवळले. दुपारी दोन ते चार त्यांची झोपेची वेळ असते. त्या वेळात हे यंत्र कोणीही, कधीही चालवू नये, ही शांतता मी त्यांच्या नावे करून ठेवते. हे मला आधीच सुचायला हवे होते. गेल्या महिन्यापासून ती लागू केली आहे.

कलम चार. कॉम्प्रेसर. हे कलम लांब आहे, त्याला इलाज नाही.

यंत्र बाबांचे. त्यांच्या शेडमध्ये तीन फेजची वीज होती. बटण दाबले की ते धावायला लागे. बाबा गेले, शेड विकली आणि कॉम्प्रेसर आमच्या घरामागच्या खोलीत आला. इथे दिव्या-पंख्यांना लागते तेवढी साधी सिंगल फेज आहे. गल्लीतल्या तारांवर तीन फेज नाहीत. अर्ज दिला तेव्हा वीज कचेरीच्या खिडकीतले साहेब "बघू" म्हणाले, ते अजून बघताहेत. सिंगल फेजवर तीन फेजची मोटर नुसती हुंकारते, जागची हलत नाही. जो तो म्हणाला, भंगारात घाला. भाऊ तेव्हा माझ्याबरोबर कामाला होता. तो म्हणाला, "ताई, बाबांच्या लेथची मोटर पडून आहे ना? चांगली मोठी आहे. तिलाच कामाला लावू, ती तिसरी फेज तयार करून देईल." तसे केले. त्यात डोके त्याचे, हमाली दोघांची.

चालवण्याची रीत लिहून ठेवते. आधी कॉम्प्रेसरच्या डोक्यात अडकलेली हवा सोडावी, नाहीतर तो भरल्या पोटी उठत नाही. मग बाकावर बसवलेल्या लेथच्या मोटरीच्या कप्पीवर दोरीचे तीन वेढे घ्यावेत, दाराच्या बाजूला उभे राहावे आणि ओढावे, रडतखडत नव्हे. दोरी मनगटाला गुंडाळू नये. दोरी सुटून हातात आली आणि मोटर वेगात असली की खटका टाकावा. मग ती आपली आपण रिकामी फिरत राहते आणि तिच्या तिसऱ्या तारेवर हवी ती फेज मिळते. दहा आकडे मोजून कॉम्प्रेसर लावावा. घरातले दिवे क्षणभर मान टाकतात आणि आतून "मी वाचतोय!" असा आवाज येतो. त्याकडे लक्ष देऊ नये.

दाराच्या बाजूला उभे राहावे असे लिहिले, त्याला कारण आहे. ही रिकामी मोटर ज्या दिशेने ओढाल त्या दिशेने फिरते. तिला स्वतःचे मत नाही. ती उलटी फिरली की कॉम्प्रेसरही उलटा फिरतो. हवा तरीही भरते, दाबाचा काटा चढतो, म्हणून कोणाला काही कळत नाही. पण कॉम्प्रेसरच्या मोठ्या चाकाच्या आऱ्या पंख्याचे काम करतात. चाक उलटे फिरले की वारा डोक्यावर न येता भिंतीकडे जातो, डोके तापत राहते आणि शेवटी पिस्टन अडकून बसतो.

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी असेच झाले. एका दवाखान्याच्या दारांच्या काचा अर्ध्यावर होत्या. यंत्राने किंकाळी फोडली आणि ते थांबले. बघते तर चाक उलटे फिरत होते. भाऊ डावखुरा आहे. तो दोरी ओढायचा तेव्हा मी दर वेळी टोकायची, "बाजू बघ, बाजू." त्या दिवशी आई दारात उभी होती. तिच्यासमोर मी म्हणाले, "डाव्या हाताचा माणूस, तुझ्याकडून सरळ काम होणार कसं?"

तो म्हणाला, "ताई, आज दोरी मी ओढलेली नाही."

"मग काय भुताने ओढली?"

त्याने हात पुसले, फडके खुंटीला लावले आणि गेला. पुढे तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. त्यानंतर आमच्यात "चहा घेतोस?" आणि "नको, घेऊन आलोय" एवढेच बोलणे उरले. आई शेवटपर्यंत मला विचारत राहिली, "नक्की त्याचीच चूक ना गं?" मी शेवटपर्यंत हो म्हणत राहिले.

या मृत्युपत्रासाठी सामानाची यादी करताना डायऱ्या मोजायला काढल्या. मी विसाव्या वर्षापासून रोज लिहिते. त्या वर्षाची डायरी उघडली. मंगळवारच्या पानावर वर लिहिले आहे: "उजवे मनगट अजून सुजलेले. डाव्या हाताला सोपे जावे म्हणून भिंतीच्या बाजूने उभी राहून दोरी ओढली. एका झटक्यात लागली. भाऊ उशिरा आला." त्याच पानावर खाली: "पिस्टन अडकला. भावाचा निष्काळजीपणा. याला किती वेळा सांगायचे." दोन्ही मजकूर माझ्या अक्षरात. मध्ये दीड इंच कोरी जागा आहे.

तरीही मला खात्री करायची होती. भिंतीच्या बाजूने उभी राहिले, डाव्या हाताने ओढले आणि चाकासमोर कागदाची पट्टी धरली. पट्टी भिंतीकडे उडाली. मी लगेच बंद केले. खात्री केल्याशिवाय कोणाला दोषी धरू नये, हा नियम मी पाळते असे मला वाटत होते. तो मी फक्त स्वतःच्या बाबतीत पाळत होते.

मग पहिल्या मसुद्यात मी असे लिहिले: "माझ्या मृत्यूनंतर कॉम्प्रेसर आणि अर्धी कार्यशाळा भावास द्यावी, सोबत हे बंद पाकीट द्यावे." पाकिटात ते पान आणि माझी माफी. मसुदा ज्यांना दाखवला त्या दस्तलेखक बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माफी मागणार तुम्ही, आणि उत्तर ऐकायला हजर नसणार? सोयीचं आहे हो."

"तसं नाही."

"मग कसं?"

मी पाकिटाची कड दुमडत राहिले. बाई म्हणाल्या, "भाऊ याच गावात असतो ना? मग या कागदाचे माझ्याकडे पैसे भरण्याआधी तिकडे जाऊन या."

मला भीती वाटत होती ती भावाच्या ओरडण्याची नव्हे. तो "बरं" म्हणून कामाला लागेल, याची. मग माझ्याकडे भाऊ असा कागदावरच उरेल.

तो एका सहा मजली इमारतीत काम करत होता. लिफ्टचा डबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला, हा त्याच्या छतावर मांडी घालून बसलेला. मी तिसऱ्या मजल्याच्या उघड्या दारातून खाली वाकून बोलले. आधी पान वाचून दाखवले, मग जे बोलायचे होते ते.

तो पाना हातात धरून ऐकत होता. म्हणाला, "माहीत होतं मला. तुझ्या मनगटाला पट्टी होती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तू भुताचं नाव घेतलंस. मला वाटलं, आज डायरी लिहायला बसशील तेव्हा कळेलच तुला." त्याने पाना खाली ठेवला. "सहा वर्षं लावशील असं नव्हतं वाटलं."

"मी लिहिलं होतं रे. वाचलं नव्हतं."

"बी.एस्सी. झालीस ना तू?"

मी हसले आणि मग मला रडू आले. तो खालून ओरडला, "ताई, मागे सर आधी! दार उघडं आहे, पडशील माझ्या अंगावर. मग म्हणशील, डाव्या हाताने झेललं म्हणून लागलं."

त्या रविवारी तो आला. कॉम्प्रेसरच्या डोक्याला हात लावून बघितले, पट्टा ताणला, मला दोन शिव्या दिल्या आणि पोळी-भाजी खाऊन गेला. पुढच्या रविवारीही आला. मी म्हटले, अर्धी कार्यशाळा आणि हे यंत्र तुझ्या नावे लिहिते आहे. तो म्हणाला, "तू मेल्यावर? म्हणजे तोपर्यंत मी रविवारी फुकट राबायचं?" दस्तलेखक बाईंकडे जाऊन आम्ही रीतसर बक्षीसपत्र केले. गेल्या आठवड्यापासून कॉम्प्रेसर आणि अर्धी कार्यशाळा त्याची आहे. तेव्हापासून मला गाढ झोप लागते आहे. डायरीत तसे लिहिले आहे, आणि लिहून झाल्यावर वाचले आहे.

म्हणून या कलमाखाली देण्यासारखे आता काही उरलेले नाही. बाई म्हणाल्या, कलम गाळून टाका. मी गाळत नाही. कार्यशाळेचा माझा उरलेला अर्धा हिस्सा नवऱ्याला मिळावा. त्याने तो चालवायला जाऊ नये, भाऊ सांगेल तिथे सही करावी.

कलम पाच. डायऱ्या. एकूण सत्तावीस. जाळू नयेत, छापू नयेत. ज्याला माझ्याविषयी एखाद्या दिवसाची तक्रार असेल, त्याला ती तारीख काढून वाचू द्यावी. पान पूर्ण वाचू द्यावे, वरपासून खालपर्यंत.

कलम सहा. या मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करण्याचे काम दस्तलेखक बाईंनी स्वीकारले आहे. त्यांना माझे सर्व स्वभावदोष माहीत आहेत, हे त्यांच्या नेमणुकीचे कारण आहे.

साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये, असे बाईंनी सांगितले. तेव्हा नवरा बाद झाला. शिंपीकाकांनी विचारले, दोन तासांची शांतता हा लाभ धरतात का? बाई म्हणाल्या, ती आधीच देऊन झाली आहे. ते सही करायला लगेच तयार झाले. दुसरा साक्षीदार शोधत असताना भाऊ म्हणाला, "माझ्या नावावर यात आहे काही?" मी पाने चाळली. म्हटले, "नाही. एक ओळही नाही."

"मग दे इकडे पेन."

ठिकाण: घरामागची कार्यशाळा, यंत्र बंद असताना.
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी तीन वाजता.

लिहिणारीची सही

साक्षीदार पहिले: समोरचे शिंपी. वरील सही माझ्यासमोर झाली. बाई शुद्धीवर आहेत. ब्लाउजचे माप उद्या द्यावे.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. ताईने सगळे कागद आमच्यासमोर मोठ्याने वाचले, मधल्या पानावर थांबली, पाणी प्यायली, परत पहिल्यापासून वाचले आणि सही केली. मी शेजारीच बसलो होतो. मध्ये जागा नव्हती.