खिडकीपर्यंतची चाल

५ फेब्रुवारी
ती. आजीस,
सा. न. वि. वि.
फोन केला की बाबा स्पीकर लावून सगळ्या घराला ऐकवतात, म्हणून पत्र.

डिजिटल कलेच्या एम. ए.ची शेवटची फिल्म करते आहे. पडद्यावर एक म्हातारी घरात एकटी फिरते, एवढंच. अंगाला चिकटणारा काळा पोशाख घालायचा, त्यावर चमकते गोळे, भोवती कॅमेरे. माणूस चालेल तसं पडद्यावरचं चित्र चालतं. मीच तो पोशाख चढवून तुझ्यासारखी डुलत चालले. मॅडम म्हणाल्या, ही म्हातारी नव्हे, म्हातारीची नक्कल आहे. खरी चाल मिळाली नाही तर परीक्षा वर्षभर लांबेल. तू येशील?

उत्तराची वाट बघणारी,
भिंगरी

१२ फेब्रुवारी
चि. भिंगरीस,
आशीर्वाद.
पत्र पोचलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी दोन यत्ता शिकलेली, पण माझं बरं आहे.

तुझ्या मॅडम शहाण्या दिसतात. तू रांगायला लागल्यापासून माझी नक्कल करतेस आणि ती एकदाही जमलेली नाही. पत्रासोबतचा पोशाखाचा फोटो पाहिला. या वयात मला बेडूक करायचं ठरवलंस होय? येईन. वरून शाल पांघरीन, मग तुझे गोळे दिसोत न दिसोत.

तुझ्या बापाला सांगितलंय, भिंगरीची खोली आवरायला जाते. त्याला लगेच पटलं. त्याने तुझी खोली पाहिली आहे.

पोचले की आधी चहा कर.
आजी

१ मार्च
ती. आजीस,
सा. न. वि. वि.
शाल काढायला लावली म्हणून अजून फुगलेली असशील. पण घोटाळा वेगळाच झाला. कॅमेऱ्यांपुढे तू कवायतीला निघाल्यासारखी ताठ चाललीस. डुलणं नाही, थांबणं नाही. कॅमेरेवाले दादा तर म्हणाले, आजी आपल्यापेक्षा धडधाकट. ते सगळं चित्रण वाया गेलं.

नंतर आम्ही चहाला गेलो तेव्हा कॅमेरे बंद करायचे राहिले. तू एकटीच, त्याच पोशाखात, चपला घ्यायला खिडकीपर्यंत गेलीस, ते टिपलं गेलं. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात. तरी कळतं, डावा पाय तू उचलत नाहीस, ओढतेस. भिंत धरतेस. मधे टेबलावर ओणवी होऊन किती वेळ थांबलीस. मॅडम म्हणाल्या, हीच चाल.

आजी, गुडघा बरा झाला असं तू बाबांना सांगितलं आहेस. फिल्म बघायला ते येणारच. तू नको म्हणालीस तर पुसून टाकीन आणि परीक्षा पुढच्या वर्षी देईन. खरंच.

तुझ्या रागालाही तुझीच,
भिंगरी

११ मार्च
चि. भिंगरीस,
आशीर्वाद.
परक्या माणसांपुढे मी लंगडू? तेवढी मती अजून गेलेली नाही. आणि म्हातारी एकटी कशी चालते ते चोरून बघायला तुम्हाला एम. ए. करावं लागतं, धन्य आहे.

रागात होते म्हणून उत्तराला उशीर केला. पुसून टाक, असंच लिहिणार होते. पण काल मोरीच्या उंबऱ्यापाशी पाय उचलेना. तुझा बाप बाहेर पेपर वाचत बसलेला. त्याला हाक मारली, तो आला, आणि मी त्याला विचारलं काय, तर चहा घेतोस का. तो घेतो म्हणाला. मग करावा लागला.

तेव्हा पुसू नकोस. त्या म्हातारीला माझं नाक मात्र देऊ नकोस, तेवढी अब्रू राहू दे. बापाला पहिल्या रांगेत बसव. शेजारी मी बसेन. पोटचा आहे, चाल ओळखेल, म्हणजे मला तोंड उघडायला नको. आधी काही बोलू नकोस, नाहीतर येताना डॉक्टरच घेऊन येईल.

तुमच्या त्या इमारतीचा जिना फार उभा आहे. येताना मी माझी चढेन. उतरताना त्याचा हात धरीन.

माया आहे तेवढी पुरे, वाढवायची तर आधी अक्षर सुधार.
आजी