काळ्या फोटोतली रिकामी बाजू

३ नोव्हेंबर

चि. घुबडबाईस अनेक आशीर्वाद.

आजी नावाचं एक माणूस अजून जिवंत आहे, हे ध्यानात आहे ना? एवढा मोठा फोटो पाठवलास आणि सोबत दोन ओळी घालायच्या विसरलीस! परिणाम ऐक. काळं तळं, काळी झाडं बघून तुझ्या आईने ठरवलं की पोरगी तिकडे खचली आहे. स्टुडिओतली नोकरी पुरे, पुढच्या शनिवारी, बारा तारखेला, जाऊन घेऊन येते म्हणते. तुझे कपडे भरायला मोठी रिकामी बॅगही काढली आहे. हे पत्र मी सांगतेय आणि तीच लिहितेय, नाक मुरडत.

मला अक्षर कळत नाही, पण डोळे शाबूत आहेत. पुढची गवताची पाती झाडांएवढी दिसतात, म्हणजे तू चिखलात पालथी पडली होतीस. दुःखी माणूस पलंगावर पालथं पडतं, चिखलात नाही. उजेडाची तिरीप मुद्दाम डाव्या कोपऱ्यात ठेवलीस, म्हणजे डोळा सगळ्या काळोखातून हिंडून तिथे पोचतो. हे रडत रडत जमत नाही.

पण उजवी बाजू मोकळी का? आई म्हणते, तोच एकटेपणा. ते तूच सांग. शनिवारच्या आत उत्तर दे.

तुझी आजी

७ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. न.

चुकले. पालथीच होते, बाहीत मुंगी शिरली होती आणि हसू दाबत होते. उजवीकडे बगळा होता. तो असलेले फोटोही आहेत, पण त्यात सगळे नुसता बगळाच बघतात. म्हणून तो उडाल्यानंतरचा निवडला. भिंग घेऊन पाहा, पाण्यावर वलयं आहेत. ती बाजू रिकामी नाही, तिथून आत्ताच कुणीतरी गेलंय.

मी इथे मजेत आहे. आईने जरूर यावं. न्यायला नको, राहायला.

तुझंच घुबड

१० नोव्हेंबर

चि. घुबडबाईस आशीर्वाद.

आईने भिंग लावलं. वलयं सापडली. मग मला विचारते, बगळा कुठल्या बाजूला उडाला असेल? मी म्हटलं, जाऊन बघ की! मोठी बॅग माळ्यावर गेली, तिची छोटी निघाली. परवा येतेय. हेही तीच लिहितेय, पण या खेपेस नाक जागेवर आहे.

तिलाही चिखलात पालथी पाड. तुझी माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा. आणि ती परत येईल तेव्हा तिच्याजवळ तिकडचा मध दे. पिवळाधमक नको, गर्द काळा. तुझी आई बाटली उजेडात धरून खराब झालाय म्हणेल. म्हणू दे, मला जास्त मिळेल.

तुझी आजी