सगळ्यात खालचा दर्जा

चंद्रपूर,
१६ डिसेंबर १९८६

आदरणीय गुलाबमामांस,
विशाखाचा सप्रेम जयभीम. मामींना आणि लच्छूलाही सांगावा.

तुमचं पत्र मिळालं. शेवटी तुम्ही गमतीनं विचारलं आहे, "विमानात सगळ्यात खालचा दर्जा कोनता राह्यते वं? आपल्याले तोच मांगा लागन." मामा, याचं उत्तर मला येत नाही. तिकिटाच्या ऑफिसात वर्ष होत आलं तरी येत नाही. खालचा दर्जा असतो, पण त्याला खालचा कुणी म्हणत नाही. रेल्वेच्या डब्यावर आकडा असतो, तो वाचता आला की माणूस आपली जागा ओळखतो. विमानवाल्या प्रत्येक कंपनीनं आपल्या दर्जांना स्वतःची नावं ठेवली आहेत. क्राउन, ग्रँड, रॉयल, मेरिडियन. एका कंपनीत जे नाव सगळ्यात पुढच्या खुर्च्यांना, तेच दुसरीत शेपटाकडच्या रांगांना. ऐकणाऱ्याला सगळेच राजे वाटतात.

घरी ठीक आहे. आईचा खोकला कमी आहे, पण सकाळी शेगड्यांचा आणि कोळशाचा धूर इतका दाटतो की ती दार उघडत नाही. धाकट्या डोमाची सहामाही झाली. गणितात पास होईन म्हणतो, इंग्रजीचं नाव काढत नाही. मी त्याला रोज संध्याकाळी घेऊन बसायची. आठ-दहा दिवस ते बंद आहे. त्याचं कारण सांगायचं तर गुलाम रसूल चाचांचं सांगावं लागेल.

तुम्ही १६ ऑक्टोबरच्या धम्मदीक्षेच्या मेळ्याला आलात तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला कापूस पिंजायचा आवाज चालू होता आणि तुम्हाला दुपारची झोप लागली नव्हती. ते गाद्यांचं दुकान चाचांचं. त्यांचा मुलगा सादिक आखातात इमारतींच्या कामावर होता. पावसाळ्यात तो परांचीवरून पडला आणि कण्याला मार लागला. तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या, पण बसवून नेऊ नका. मागे पूर्ण पडणारी खुर्ची असेल तरच विमानात घाला. तोवर तो दोघांच्या आधारानं चार पावलं टाकत होता. पायाची बोटं हलत होती.

तुमच्या मेळ्यानंतरच्या आठवड्यात चाचा आमच्या ऑफिसात आले. इथं पैसे भरले की तिकीट तिकडे मिळतं. आमचे मालक रामाजीशेठ म्हणाले, "रॉयल देतो तुमच्या पोराले. नवाबासारखा झोपून येईन." पावतीचा कागद इंग्रजीत होता. चाचांनी तो माझ्याकडे सरकवला.

"तू वाच बेटा. रॉयल म्हंजे काय?"

"राजेशाही, चाचा. सगळ्यात वरचा दर्जा."

"लेटून येईन ना पोरगा? बसता नाई येत त्याले."

"येईल."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला शब्दाचा अर्थ येत होता आणि तोच मी जागेचाही अर्थ धरला. चाचांनी कागद डोक्यावरच्या टोपीत ठेवला. बाहेर जाऊन पानाच्या टपरीवरच्यांना सांगताना मी ऐकलं, "देवरावची पोरगी बी. ए. हाय. तिनं वाचलं." बाबांना जाऊन चार वर्षं झाली तरी गल्लीत त्यांच्याच नावानं मला ओळखतात. खरं सांगते मामा, मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

चाचांनी नवा कापूस पिंजून एक गादी भरली आणि ती घेऊन मुंबईला गेले. मुंबईहून सादिकला त्यांनी रेल्वेच्या साध्या फळीवर, त्या गादीवर निजवून आणलं. रेल्वेत तो आडवा होता. विमानात बसून होता.

मी त्याला भेटायला गेले तेव्हा त्याची बायको सलीमा त्याचे पाय तेलानं चोळत होती. तो छताकडे पाहत बोलत होता.

"दीदी, मी त्या विमानातल्या बाईले म्हटलं, माह्या कागदावर रॉयल हाय. चांगलीच बोलली बिचारी. मांगं बोट दाखवलं. म्हने, रॉयल तिकडंच राह्यते. समोरच्या पडद्यामांगं मेरिडियन. आत नेते वक्ती मी पाह्यलं ना, तिथी खुर्च्या खाटेसारख्या पडत होत्या. दोन तं रिकाम्याच होत्या."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगतलं. ती म्हने, तुमचं तिकीट रॉयलचं हाय. मी म्हटलं, तेच तं सांगून राह्यलो." तो हसला. सलीमा हसली नाही. "मुंबई आली तं पाय थंडे झाले होते. उतरवते वक्ती कोनी पाय धरले, मले समजलंच नाई."

आता बोटं हलत नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी चाचांना सांगितलं, मूळच्या मारानं पाय गेले असतील किंवा बसून आल्यानं गेले असतील, नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेठना विचारलं. मला वाटत होतं, त्यांचीही माझ्यासारखीच चूक झाली असेल. मामा, मी मनात त्यांच्या बाजूनं बोलायची तयारी करून गेले होते.

ते म्हणाले, "रॉयल सांगतलं, रॉयल देल्लं. नाव कंपनीनं ठेवलं, मी ठेवलं का?"

"पण शेठ, चाचांकडून तुम्ही पुढच्या जागेचे पैसे घेतले. तुम्हाला माहीत होतं?"

"इतके साल झाले या धंद्यात. मले नाई ठाऊक राहीन?" मग ते अगदी मायेनं म्हणाले, "पाय विशाखा, लोकायले वाचून दाखवाले तुले ठेवलं. वाचून तूच दाखवलं ना?"

मी एवढे दिवस समजत होते की माझ्या शिक्षणामुळे मला ती खुर्ची मिळाली. तसं ते खरंच आहे. माझ्या तोंडून ऐकलं की लोक दुसऱ्या कुणाला विचारत नाहीत.

परवा चाचा मोहल्ल्यातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन ऑफिसात आले. भांडायला नाही, विचारायला आले होते. शेठनी सगळ्यांना चहा मागवला. म्हणाले, तिकडच्या लोकांनी ऐनवेळी जागा बदलली असेल. "विचारा हिले. शिकलेली पोरगी हाय, खोटं नाई बोलत." चाचा माझ्याकडे वळले. "बोल बेटा. तिकडंच बदलवली का?"

मी म्हटलं, "चाचा, उद्या घरी येऊन सांगते."

ते गेल्यावर शेठ म्हणाले, "उद्या जाय आन् तेच सांग, तिकडंच बदलवली म्हनून. गुलाब मले भावासारखा हाय. अहेरीच्या माह्या गोदामातून त्याच्या लच्छूले काढाचं म्हटलं तं माह्या जिवावर येईन."

लच्छूबद्दल मी किती विचार केला ते लिहून तुम्हाला खरं वाटणार नाही. दोन वर्षं तो रिकामा बसून होता. तेंदूपत्त्याच्या गोदामात लागला म्हणून वडशाचे पाहुणे सोयरीक घेऊन घरी आले, मामींनी मला बांगड्यांचा रंगसुद्धा विचारला. आणि शेठकडे माझ्यासाठी शब्द टाकायला तुम्ही अहेरीहून आलात, दिवसभर त्यांच्या ओट्यावर बसलात. बी. ए. झाल्यावर तुम्ही मला पेन दिलं तेव्हा म्हणाला होतात, आता आपल्याले कोनी कागदावर फसवू शकत नाई. ते मला आठवलं, पण आठवून काही सोपं झालं नाही. लच्छू गोदामात सुखानं काम करतो आहे, त्यानं कुणाचं काय केलं आहे?

काल मी चाचांकडे गेले. ते दुकानात नव्हते, सादिकच्या खाटेजवळ बसले होते. मी सगळं सांगितलं. जागा तिकडे कुणी बदलली नाही, इथूनच मागची काढली होती, आणि शेठला ते माहीत होतं. राजेशाही मी म्हटलं होतं, तेही सांगितलं.

चाचांनी सादिकच्या पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "म्हंजे तुले बी मालूम नव्हतं?"

"नाही चाचा."

"मंग सांगतलं काऊन?"

सलीमा आत निघून गेली. त्या घरातून मी कधी चहा न घेता बाहेर पडले नव्हते. काल कुणी चहाचं विचारलं नाही आणि मीही उठले नाही. सादिकच म्हणाला, "अब्बा, दीदीले रागावून काय होते? ठाण्यात द्याचा अर्ज लिवू द्या तिले."

अर्ज मी तिथंच बसून लिहिला, मराठीत, चाचांना कळेल असा. दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा त्यांनी प्रत्येक वाक्याला थांबवून विचारलं, "हेच लिवलं हाय ना?" पूर्वी त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. खाली त्यांनी उर्दूत सही केली. साक्षीदार म्हणून मी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि शेठ माझ्याशी जे बोलले ते शब्दशः वेगळ्या कागदावर लिहून जोडलं.

आज सकाळी चाचांबरोबर ठाण्यात जाऊन तो अर्ज दिला. तिथून ऑफिसात गेले, टेबलाची किल्ली शेठच्या हातात दिली आणि अर्जाचं मीच त्यांना सांगितलं. ते सरळ फोनकडे गेले. कदाचित हे पत्र पोचण्याआधीच लच्छू घरी आला असेल. मी त्याला विचारलं नव्हतं. तुम्हालाही विचारलं नाही, कारण तुम्ही त्याचं नाव घेतलं असतं आणि मी थांबले असते. म्हणून आधी ठाण्यात गेले, आणि मग हे लिहायला बसले.

तुम्ही टाकलेला शब्द जिनं राखला नाही ती,
तुमची भाची
विशाखा